गाळलेल्या शिव्या

“फिर्यादीत शब्द कुठे आहेत, साहेब?” मी विचारलं आणि मुद्दाम थांबले.

कुठे थांबायचं हे मला चांगलं जमायचं, आणि त्याची थोडी घमेंडही होती. विट्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. बाकं कुरकुरत होती, म्हणजे लोक पुढं सरकून ऐकत होते.

“‘आरोपीने अर्वाच्य शिवीगाळ केली.’ बस्स, एवढंच! कोणती शिवी? कोणते शब्द? काही नाही. असं चालायला लागलं तर उद्या कुणीही उठेल आणि शेजारणीला कोर्टात ओढेल. कायद्याला शब्द लागतात, साहेब. ते इथं नाहीत. एवढ्या एका कारणावर माझ्या अशिलावरचा आरोप काढून टाकावा.”

माझी अशील सगुणा माने. अंगणवाडीत मदतनीस. तिच्या दोन शेळ्या बबन साळुंख्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरल्या आणि मागावरच्या ताण्याचं चांगलं हातभर सूत चघळून आल्या. त्यावरून दोघांची जुंपली आणि बबननं शिवीगाळीची फिर्याद ठोकली. ऐकायला गंमत वाटते, पण शिक्षा झाली असती तर सगुणाची नोकरी गेली असती. घरात कमावणारी ती एकटी. मला म्हणाली होती, “वकिलीणबाई, भांडण केलं, न्हाई म्हनत न्हाई. पन त्यानं लिवलंय तसलं मी बोलले न्हाई. लेकराबाळांत काम करती मी.”

समोरचे सूर्यवंशी वकील सावकाश उठले. त्यांची खुर्चीसुद्धा सावकाश वाजायची.

“मॅडम, पान दोन, तिसरी ओळ. वाचू का?”

“अवश्य वाचा,” मी म्हटलं. कपाळ माझं!

त्यांनी वाचलं. आकाशवाणीवरच्या बातम्या वाचाव्यात तसं, स्वच्छ, खणखणीत, चार ओळी. आई, बहीण, गाढव, कुणीही सुटलं नव्हतं. अख्खं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, कारकून हसले, आणि माझ्या मागं उभी असलेली सगुणा पुटपुटली, “अगं बया बया!”

“शब्द आहेत, ॲडव्होकेट देवकर,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाजही हसू दाबून जाड झाला होता. “भरपूर आहेत. अर्ज नामंजूर. खटला चालेल.”

माझे कान असे तापले होते की पुढची तारीख कोणती दिली तेही मला धड ऐकू आलं नाही.

मला सहाव्या वर्षापासून दिसत नाही. ब्रेलवर शिकले, लोकांकडून पुस्तकं वाचून घेत कायद्याची पदवी घेतली, आणि लग्नानंतर वकिली सुरू केली तेव्हा कोर्टाचे कागद वाचून दाखवायचं काम माझ्या सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा हायस्कुलातून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सकाळी चहा झाला की मामा चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, “हं, वकीलसाहेब, काढा कागद.” मी ब्रेल पाटीवर टिपणं घ्यायची. त्यांचं वाचन म्हणजे असं, की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. मला कधी शंकाच आली नाही. येईल कशी? ज्या माणसाला स्वल्पविराम गाळणं पाप वाटतं, तो चार ओळी गाळेल?

घरी आले. मामांना काही बोलले नाही. पण विटा ते केवढं! संध्याकाळी ते पारावर जाऊन आले आणि दारातच उभे राहिले. चप्पल काढल्याचा आवाज नाही.

“कोर्टात माझ्यामुळं तुझं हसं झालं म्हणे.”

“तसं काही नाही, मामा.”

“खोटं बोलू नकोस. पोस्टातला कुलकर्णी चवीनं सांगत होता.” ते आत येऊन बसले. “मी त्या ठिकाणी ‘अर्वाच्य शिवीगाळ’ असं वाचलं. सारांश केला. अर्थ तोच होता.”

“अर्थ नको होता मामा, शब्द हवे होते! मी वकील आहे.”

“तू माझी सून आहेस,” मामा म्हणाले. “असले शब्द मी तुझ्यापुढं कसे उच्चारू? माझी जीभ उचलत नाही. तू रागव हवं तर, पण नाहीच उचलत.”

“याआधी किती ठिकाणी सारांश केलात?”

“जिथं जिथं लागला तिथं,” मामा म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतकी वर्षं मी तालुक्यातली भांडणं लढवत होते आणि माझ्या कानावर एकही शिवी आली नव्हती! माझी समजूत अशी की आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं भांडतानासुद्धा फार जपून बोलतात. राग होताच. पण त्याहून जास्त भीती वाटली. म्हटलं, मला जे माहीत आहे ते सगळं कुणाच्या तरी तोंडून गाळून आलेलं आहे. अशानं उद्या एखाद्याचं घर बुडेल आणि मला कळणारही नाही. बोलणारा कॉम्प्युटर घ्यायचा, हे मी त्याच रात्री जेवताना ठरवून टाकलं.

माझा नवरा शिरीष साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. त्याला खरेदी म्हटलं की उत्साह. रविवारी आम्ही तिघं सांगलीला गेलो. दुकानातला विक्रेता मोठा गोडबोल्या.

“मॅडम, हा बघा. स्क्रीन बघा किती ब्राइट! रंग तर असे की डोळ्याचं पारणं फिटेल.”

“स्क्रीन नसलेला आहे का?” मी विचारलं.

तो गडबडला. शिरीष म्हणाला, “अगं, मोठी स्क्रीन असलेली बरी.”

“कुणाला बरी? तुला क्रिकेट बघायला?”

मामा मागं उभे होते. एरवी माझ्या असल्या उत्तरांना तेच आधी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

शेवटी तिथून काही न घेता आम्ही तौफिक शेखांकडे गेलो. तौफिकभाई स्वतः दृष्टिहीन, एका बँकेत अधिकारी, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्यांना कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांनी माझ्यापुढं तीन लॅपटॉप ठेवले आणि म्हणाले, “ताई, बोटं फिरवा. जे यंत्र तुमच्या बोटांना आवडेल ते तुमचं.”

पहिल्याची बटणं इतकी सपाट की एकातून दुसरं कळेना. दुसरा जड, खांद्याला लावून कोर्टात नेला तर दुपारपर्यंत मीच वाकले असते. तिसरा लहानसा, पण एकेक बटण वेगळं लागत होतं, दाबलं की दाबल्याचं बोटाला कळत होतं. “हा,” मी म्हटलं.

“याची स्क्रीन सगळ्यात लहान आहे,” शिरीष हळूच म्हणाला.

“आपण ती बंदच ठेवायची,” तौफिकभाई म्हणाले. “बॅटरी दीडपट चालते. आणि ताई, हेडफोन एकाच कानाला लावायची सवय करा. एक कान यंत्राला, एक न्यायाधीशांना.”

मग आवाजाची पाळी आली. कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारे दोन प्रोग्राम त्यांच्याकडे होते. पहिल्याचा आवाज बाईचा, आणि गोड तरी किती! शिरीष तर खुर्ची ओढून पुढंच बसला. तौफिकभाईंनी नमुन्याचा एक जुना खरेदीदस्त उघडला. ती बाई लाडिक स्वरात वाचू लागली, “मूल मालक बालाजी यांनी त्या वेली...”

“काय?” मामा पहिल्यांदाच बोलले. “मूल मालक? कुणाचं मूल?”

“मूळ मालक बाळाजी, त्या वेळी,” तौफिकभाई हसून म्हणाले. “आवाज मुळात हिंदीचा आहे, सर. ळ त्याला येत नाही.”

“मग त्याला शाळेत घाला!” मामा म्हणाले. “ज्याला ळ म्हणता येत नाही तो माझ्या सुनेला दस्त वाचून दाखवणार? बाळ्याचा बाल्या करणार आणि वेळेचा वेल!”

दुसरा प्रोग्राम लावला. अरे देवा! पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसला आवाज. पुरुषाचा की बाईचा कळेना, सर्दी झाल्यासारखा, ना चढ ना उतार. पण ‘मूळ मालक बाळाजी’ असं स्वच्छ म्हणाला.

“हे दिवसभर घरात ऐकायचं?” शिरीषनं विचारलं.

माझंही मन खरं तर त्या गोड बाईकडे ओढ घेत होतं. ळ काय, सवयीनं समजून घेता आला असता. कोर्टात तरी कोण शुद्ध बोलतं! मी तौफिकभाईंना विचारलं, “तुम्ही कोणता वापरता?”

“कर्कश. कारण सांगतो. गोड बाई ओळ झोकात वाचते, पण एखाद्या शब्दात नेमकं काय लिहिलंय असं विचारलं की गडबडते, अंदाजानं काहीतरी ठोकून देते. हा गडी तसा नाही. बाणाचं बटण दाबत गेलं की अक्षर अन् अक्षर सांगतो, काना-मात्रेसकट. चुकीचं लिहिलं असेल तर चुकीचं वाचतो. स्वतःची अक्कल चालवत नाही.”

मामांनी खाकरल्यासारखं केलं. ते कुणाला लागलं ते मला कळलं, आणि मला वाईट वाटलं. पण माघार घेतली असती तर पुन्हा तेच झालं असतं.

“मला कर्कश द्या,” मी म्हटलं.

परतीच्या एसटीत मामा माझ्या शेजारी बसले होते. तासगाव गेल्यावर म्हणाले, “बदलीवर शिक्षक आला की आधीच्यानं त्याला वर्ग दाखवून द्यायचा असतो. काय काय दाखवायचं असेल ते मला सांग.”

मी त्यांचा हात हातात घेतला.

आणि घरी आल्यावर आमची चांगलीच जिरली! सगुणाच्या खटल्याचे कागद हातानं लिहिलेले. यंत्र काय वाचणार, कप्पाळ? त्याला टाइप केलेलं लागतं. कुणीतरी अक्षरन् अक्षर टाइप करून द्यायला हवं होतं. शिरीषचा गळीत हंगाम सुरू झालेला, तो घरी यायचा झोपायला. बाहेर द्यावं तर अशिलाचे कागद.

“मी करतो,” मामा म्हणाले.

“मामा, ती फिर्याद आहे. त्यात ते सगळं...”

“माहीत आहे. तोंडानं म्हणायचं नाही ना? बोटांनी करायचंय.”

चार दिवस त्यांनी बटणं पाठ केली. पाचव्या दिवशी फिर्याद घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. पहिलं पान निर्वेध पार पडलं. दुसरं पान सुरू झालं, आणि बाहेरच्या खोलीतला तो डब्यातला आवाज तिसऱ्या ओळीवर आला. टाइप केलेला प्रत्येक शब्द तो मोठ्यानं म्हणून दाखवतो, याची चार दिवसांत इतकी सवय झाली होती की शिव्याही तो तशाच म्हणेल हे मामांच्या ध्यानातच आलं नव्हतं! पहिली शिवी घरभर घुमली.

“अरे, गप! गप बस!” मामा ओरडले. घाईत भलतंच बटण दाबलं, तर यंत्रानं सगळी ओळ पहिल्यापासून वाचली. खिडकीखालून कोण जात होतं देव जाणे. मी पिठाच्या हातानं धावत गेले आणि हेडफोनची वायर खुपसली. आवाज बंद झाला. आम्ही दोघंही उभे. मला हसू आवरेना आणि मामांचा श्वास जोरात चाललेला.

“मी काही म्हटलेलं नाही,” ते घाईघाईनं म्हणाले. “ते यानं म्हटलं.”

“होय मामा. तुम्ही कशाला म्हणाल!”

“तू आत जा.”

मी आत गेले. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. मी ती बाजूला काढली आणि पोटभर हसून घेतलं.

फाइल पुरी झाल्यावर मामा म्हणाले, “मी जरा देवळात जाऊन येतो,” आणि मला वाचायला घर मोकळं करून गेले. मी हेडफोन लावला. पहिल्यांदाच एक पूर्ण फिर्याद मी आणि कागद, मध्ये कुणी नाही, अशी ऐकली. त्या चार ओळी आल्या. यंत्रानं त्या सातबारा वाचावा तशा वाचल्या. लाज नाही, मजा नाही. त्यामुळं मलाही लाज वाटली नाही. पुन्हा ऐकल्या. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शेवटच्या शब्दाशी मी अडखळले. बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं. द ला काना. व. त ला काना-मात्रा.

दावतो.

आधीचं सगळं सांगत नाही, पण शिवी संपत होती ती ‘दावतो’वर. मी तुला अमुक करून ‘दावतो’. सगुणा असती तर ‘दावती’ म्हणाली असती! आधी वाटलं मामांच्या हातून चुकलं. ते आल्याबरोबर मूळ कागद पुढं केला. “मामा, दुसरं पान, सहावी ओळ, शेवटचा शब्द. फक्त शेवटचा.”

“दावतो,” मामांनी वाचलं. आणि थांबले. “दावतो? आरोपी बाई, आणि क्रियापद पुल्लिंगी?” खुर्चीत बसल्याचा आवाज आला. “अगं, जन्मभर मी पोरांना हेच शिकवलं. आणि माझ्या हातून टाइप झालं तरी मला दिसलं कसं नाही?”

“डोळे मिटून टाइप केलंत ना?”

“हो,” मामा ओशाळून म्हणाले.

“मग कसं दिसणार! डोळे मिटून काम करायला सराव लागतो, मामा.”

त्या दिवशी ते मोठ्यानं हसले. सांगलीनंतर पहिल्यांदाच.

बबन साळुंख्याची उलटतपासणी होती त्या दिवशी एका कानाला हेडफोन लावून मी उभी राहिले. बोट बटणावर. हा प्रश्न विचारायचा तर ती ओळ मलाच म्हणावी लागणार होती, भर कोर्टात, पूर्ण. कुणाला वाचायला सांगितलं असतं तर पुन्हा सगळे हसले असते आणि शब्द हसण्यात वाहून गेला असता. मी श्वास घेतला आणि म्हटली. सगळी. न अडखळता, न गाळता. कुणीही हसलं नाही.

“हे शब्द आरोपी बाई म्हणाल्या?”

“व्हय.”

“जसेच्या तसे?”

“जसंच्या तसं. माझ्या कानांनी ऐकलं.”

“यात शेवटी ‘दावतो’ आहे. हा दावणारा कोण?”

सूर्यवंशी वकील या वेळी पटकन उठले. “हरकत आहे, साहेब! कोल्हापूरकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात.”

“विटा कोल्हापुरात कधी गेलं, वकीलसाहेब?” साहेबांनी विचारलं. “साक्षीदाराला उत्तर देऊ द्या.”

“सांगा की,” मी म्हटलं. “बाई म्हणाली ‘दावतो’?”

“आवं, ती कशाला दावतो म्हनंल?” बबन वैतागून म्हणाला. “ते माझं हाय! मी आधी बोललो, मग ती बोलली.”

“मग ती काय बोलली ते कुठं लिहिलंय?”

“ते... ते लिवायचं ऱ्हायलं बहुतेक.”

या वेळीही कोर्ट हसलं. सूर्यवंशींची खुर्ची अगदी सावकाश वाजली. साहेबांनी बबनचं उत्तर शब्द न् शब्द लिहून घ्यायला सांगितलं, आणि पुढं निकाल लागला तो त्याच उत्तरावर. सगुणा सुटली. आज ती अंगणवाडी सेविका आहे.

पण उलटतपासणीच्या त्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि कानाशी कुजबुजली, “बाई, तुमचं मामा मागच्या बाकावर बसल्यात. पयल्यापास्नं.”

आठ-नऊशे माणसांसमोर म्हटलं असतं तरी चाललं असतं! पण मामा? मी डोक्यावरून पदर घ्यायची नाही, पण त्या वेळी हात आपोआप पदराकडं गेला. त्यांची पावलं ओळखीची होती. ती माझ्यासमोर येऊन थांबली. मी मान खाली घातली.

“मामा, तुम्ही कशाला आलात? मला ते म्हणावंच लागलं. इलाजच नव्हता.”

“मी ऐकलं,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. “एक काना इकडचा तिकडं झाला नाही. असं वाचन माझ्या एका विद्यार्थ्याला जमलं नाही, पोरी.”

त्यांनी माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि आम्ही घराकडं चालू लागलो.